वयाचा रकाना

"अजून एक खाच वर घ्या," साहेब म्हणाले.

ताईंनी ठोकळा आणखी वर नेला. लाल रेघ केव्हाच खाली राहिली होती. त्यांनी खटका सोडला. ठोकळा सुरीसकट खाली आला, टप्प असा आवाज झाला, आणि या वेळी सुरी कातडीतून आरपार जाऊन खालच्या स्पंजात रुतून उभी राहिली.

"पाचही वेळा रेघेच्या वर." साहेबांनी वहीत आकडा लिहिला. "नुसत्या धक्क्याने होणारी गोष्ट नाही ही. मारलेला वार आहे. चला, चार वाजायच्या आत अहवाल देऊन मोकळे होऊ."

ताईंनी सुरी उपसली, फडक्याने पुसली आणि तिच्या नंबराच्या खोक्यात ठेवली. साधी घरातली सुरी होती. मूठ एका बाजूने जळलेली, म्हणजे कधीतरी शेगडीजवळ राहिलेली.

प्रयोगशाळेतल्या या यंत्राला सगळे सासूबाई म्हणत, कारण टोचणं हेच तिचं काम. दोन लोखंडी खांब, मधे वरखाली होणारा ठोकळा, ठोकळ्याच्या खाली सुरी. खाली स्पंजावर ताणून बसवलेली नकली कातडी. खांबावर उंची मोजणाऱ्या खाचा आणि एक लाल रेघ. माणूस तोल जाऊन अंगावर आला किंवा धक्का बसला, तर जेवढा जोर लागेल तेवढा त्या रेघेपर्यंत. रेघेच्या खालून सोडलेली सुरी आत गेली, तर अपघात शक्य आहे असं लिहायचं. वर न्यावं लागलं, तर कोणीतरी हात उगारला होता. "मला एकच सासू मिळाली, तीही लोखंडाची," असं ताई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकत. लग्न झालं नाही हे दुसऱ्याने विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असा त्यांचा अनुभव होता.

ताईंचं खरं काम कातडी ओतण्याचं. सिलिकॉनचे दोन द्रव मोजून घ्यायचे, बुडबुडा न येऊ देता ढवळायचे, ट्रेमध्ये ओतायचे, भट्टीत ठेवायचे. अठ्ठावीस वर्षं त्या हेच करत होत्या. कातडीची चादर भट्टीतून निघाली की त्या आधी तिला चिमटा काढत, मग स्वतःच्या मनगटावर चिमटा काढत, आणि मान हलवत. कठीणपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र होतं, ते त्या नंतर लावत, आणि आकडा बरोबरच यायचा. पाठीमागे त्यांना चिमटेबाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. चिमटेबाई तर चिमटेबाई, निदान कोणी काहीतरी म्हणतंय, एवढं त्यांना पुरत असे. आई गेल्यापासून अडीच वर्षं दोन खोल्यांत त्या एकट्याच होत्या. शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत बोलायला कोणी नसायचं. सोमवारी पहिला शब्द बोलायच्या आधी घसा खाकरावा लागे.

त्या दिवशी टंकलेखक रजेवर होता, नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.

"ताई, तुम्ही जरा फाइल वाचून दाखवता का? मी टाइप करतो," साहेब म्हणाले. साहेब दोन बोटांनी टाइप करत, आणि त्यातलं एक बोट दर वेळी चुकीच्या जागी पडे.

अठ्ठावीस वर्षांत ताईंच्या हातात फाइल कधी आली नव्हती. त्यांच्याकडे यायची ती चिठ्ठी. केस नंबर, हत्यार कोणतं, चादरी किती. बस. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा लावून वाचू लागल्या.

"मृत स्त्री. वय एक्क्याऐंशी. सोबत राहणारी मुलगी, वय चोपन्न, अविवाहित." ताईंचं बोट त्या शब्दावर थांबलं. मग पुढे वाचू लागल्या. "मुलीचं म्हणणं, ती ओट्याशी कोबी चिरत होती. आई मागून आली. हाक ऐकून मुलगी वळली, तेव्हा आईचा पाय सतरंजीत अडकला आणि ती हातातल्या सुरीवर पडली. शेजाऱ्यांचा जबाब, दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. रोज आरडाओरडा. त्या दिवशी सकाळीही मुलगी ओरडताना ऐकली. 'मर एकदाची' असे शब्द."

"हं. पुढे."

"मृत स्त्रीच्या डाव्या हाताची कातडी दोन बोटं लांब सोललेली. ताजी. झटापट झाली असण्याची शक्यता."

साहेबांची दोन बोटं टकटक चालली होती. ती थांबली, कारण पुढचं वाक्य येईना.

"काय झालं? अक्षर लागत नाही?"

"साहेब, ही झटापट नाही," ताई म्हणाल्या. "ही चिकटपट्टी आहे. औषधाची पट्टी काढताना निघते ती कातडी. म्हाताऱ्या माणसाची निघते."

"असेल. तो आपला प्रश्न नाही. आपल्याला सुरीचं विचारलंय."

"सुरीचंच सांगतेय. आपण कातडी कोणाची लावली?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची म्हणजे? मानक कातडी. नेहमीची."

"नेहमीची म्हणजे तिशीतल्या धडधाकट माणसाची. दोन मिलिमीटर. ही बाई एक्क्याऐंशी वर्षांची आहे." ताईंनी भराभर पानं उलटली. डॉक्टरांच्या तक्त्यात खाली बारीक अक्षरात ते होतंच. "हे बघा. जखमेपाशी कातडीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. डॉक्टरांनी लिहिलंय. आपण विचारलंच नाही."

"चिठ्ठीत नव्हतं."

"चिठ्ठीत रकानाच नाही," ताई म्हणाल्या. ती चिठ्ठी त्यांनीच बनवली होती. बावीस वर्षांपूर्वी आधीच्या साहेबांनी विचारलं होतं, तुम्हाला काय काय माहिती लागते ते लिहून द्या. ताईंनी तीन रकाने आखून दिले होते. जास्त रकाने म्हणजे जास्त कटकट. आधीच्या साहेबांनी शाबासकीही दिली होती, सुटसुटीत आहे म्हणून. तेव्हापासून त्याच चिठ्ठ्या छापून येत होत्या, गठ्ठेच्या गठ्ठे.

साहेब वाईट माणूस नव्हते. घाईतले होते. "ताई, मानक असतं ते याच्यासाठीच, की रोज नवा वाद नको. उद्या काय प्रत्येकाच्या वयाचं कातडं ओतत बसायचं?"

"हो," ताई म्हणाल्या.

या एका अक्षराने साहेब गडबडले. अठ्ठावीस वर्षांत ताईंनी कधी वाद घातला नव्हता. "बरं, ओता. जाडीचा आकडा मिळाला. मऊपणाचं काय? म्हातारं कातडं किती मऊ असतं ते कोण सांगणार?"

"मी सांगते. मी आठ वर्षं आईला आंघोळ घातली."

"हे मी अहवालात लिहू?"

ताई उठल्या, कठीणपणा मोजायचं यंत्र आणलं, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "माझं मोजा. मी एकोणसाठची आहे. माझ्या हातावर मानकाचा आकडा आला तर मी गप्प बसते."

साहेबांनी जरा संकोचून त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने यंत्र टेकवलं. काटा हलला. साहेबांनी पुन्हा टेकवलं, जरा वर, मग कोपरापाशी. त्यांचा हात कोमट होता. ताई खिडकीकडे बघत राहिल्या. आई गेल्यावर त्यांच्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात असा टेकला नव्हता. टेकला तोही मोजमापासाठी. हसावं की काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्या काहीच न करता बसून राहिल्या.

"बराच खाली येतोय," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातावर यंत्र टेकवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "कपाटात तो ज्येष्ठांच्या त्वचेवरचा जुना अभ्यास आहे ना? त्यात ऐंशीच्या पुढचे आकडे असतील. तो आधार देता येईल. पण ताई, एक लक्षात ठेवा. कातडी त्या आकड्याला बसली पाहिजे. मुलगी सुटावी म्हणून मऊ केलेली मला नको."

"मलाही नको," ताई म्हणाल्या.

अकरा वाजून गेले होते. भट्टीत चार तास तरी हवेत. साहेबांनी फोन करून तपासनिसांना चारऐवजी पाचला बोलावलं. पलीकडून काय ऐकावं लागलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

ताईंनी ट्रे धुतला, कोरडा केला, कडेला जाडी ठरवणाऱ्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या बसवल्या. इतक्या पातळ पट्ट्या कित्येक वर्षांत कोणी काढल्या नव्हत्या, त्यांच्यावर धूळ होती. दोन्ही द्रव मोजले. मऊपणासाठी तेल घालायचं असतं, ते त्यांनी मानकाच्या दुप्पट घातलं. थोडा नमुना वेगळा गरम करून मोजला, आणखी थोडं घातलं, पुन्हा मोजला. आकडा अभ्यासातल्या आकड्यांच्या मधोमध आला. मग त्यांनी डोळे मिटून तो नमुना अंगठा आणि बोट यांत धरला.

आईचा दंड. अगदी तोच.

आई शेवटची आठ वर्षं अंथरुणाला आणि ताईंच्या जिवाला चिकटलेली होती. हे वाक्य ताईंच्या मनात जसंच्या तसं येई, आणि आलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटे. भाऊ दूरच्या शहरात. दर रविवारी त्याचा चार मिनिटं फोन. "तुझं बरंय, एकटा जीव सदाशिव," तो म्हणे, आणि आई शेजारच्या खोलीतून पाण्यासाठी हाका मारत असे. एकटा जीव कसला, दोन जीव होते आणि करणारे हात दोनच. ताई ओरडत. आईवर ओरडत, भांड्यांवर ओरडत, सांडलेल्या औषधावर ओरडत. आईही काही कमी नव्हती. एकदा "देव मला उचलत का नाही" असं आई म्हणाली, तेव्हा "त्यालाही तू नको असशील" असं ताई बोलून गेल्या होत्या. मग दोघी हसल्या होत्या. पण हसणं भिंतीपलीकडे जात नाही, ओरडणं तेवढं जातं.

आणि ती सकाळ. आईच्या हातावर सुई टोचली होती तिथे पट्टी लावलेली होती. कामाला उशीर होत होता, भट्टीत चादरी होत्या. ताईंनी पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. पट्टीबरोबर कातडीही आली, उकडलेल्या बटाट्याची साल यावी तशी. आई ओरडली नाही. नुसती हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे गं. तुला उशीर होतोय."

ताई कामावर आल्या होत्या. दिवसभर त्यांनी तीन चादरी ओतल्या होत्या, तिन्ही मानकाप्रमाणे अगदी अचूक.

नंतर त्या शिकल्या. पट्टीखाली तेल सोडायचं, थांबायचं, कातडी बोटाने दाबून धरायची आणि पट्टी हळू सोडवायची. शिकल्या तेव्हा आईचे चार महिने उरले होते.

त्यांनी ट्रे भट्टीत सरकवला आणि दार लावलं.

दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. त्या दुसऱ्याच हिशेबात गुंतल्या होत्या. बावीस वर्षं. दर वर्षी चाळीस-पन्नास केसेस. त्यात म्हातारी माणसं किती असतील? त्यांना एक केस आठवत होती, कारण सुरीला मोराची मूठ होती. काका-पुतण्याची. काका अंगावर पडला, असं पुतण्या सांगत होता. सुरी रेघेच्या बरीच वर नेल्यावर आत गेली होती. तेव्हाच्या साहेबांनी "खोटारडा" म्हटलं होतं आणि ताईंनी मान हलवली होती. काकाचं वय किती होतं? चिठ्ठीत रकाना नव्हता.

पाचला दहा मिनिटं असताना तपासनीस आले. पोट सुटलेला, दमलेला माणूस. त्यांनी खुर्ची सासूबाईसमोर ओढली. "काय नवीन काढलंत? सकाळी तर फोनवर वार म्हणालात."

"सकाळी दुसरी कातडी होती," साहेब म्हणाले. "बघा तुम्हीच."

ताईंनी चादर ट्रेमधून सोडवली. ती इतकी पातळ होती, की हातात घेतल्यावर खालून बोटांच्या रेषा दिसत होत्या. त्यांनी चिमटा काढला नाही. यंत्र लावून आकडा मोठ्याने वाचला, साहेबांनी तो लिहिला. ताईंनी चादर स्पंजावर ताणून बसवली. तिकडे कुठल्याशा कोठडीत चोपन्न वर्षांची एक मुलगी बसली होती. तिला आईच्या आंघोळीच्या पाण्याची सवय असेल, औषधांच्या वेळांची सवय असेल, अजूनही त्या वेळेला ती दचकून उठत असेल. आणि आज इथे सुरी रेघेच्या वर न्यावी लागली तर तिचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर येऊन थांबणार होतं. मर एकदाची.

ताईंनी ठोकळा सर्वांत खालच्या खाचेत ठेवला. खटका सोडला. सुरी टेकली, खड्डा पडला, आत गेली नाही.

दुसरी खाच. नाही.

तिसरी. नाही. कडेला नुसता ओरखडा उठला. लाल रेघ आता दोन खाचांवर होती.

चौथ्या खाचेतून ठोकळा सुटला आणि सुरी आत गेली. सकाळसारखा टप्प आवाजही झाला नाही. मुठीपर्यंत गेली, तरी काही ऐकू आलं नाही.

"पुन्हा करा," साहेब म्हणाले.

नव्या तुकड्यावर पुन्हा. चौथी खाच. पुन्हा. चौथी. पाच वेळा केलं. एकदा तर तिसरीतच गेली.

तपासनीस मागे टेकले. "म्हणजे सोडायचं का तिला?"

"सोडायचं की नाही ते न्यायाधीश बघतील," साहेब म्हणाले. "मी दोन्ही लिहिणार. मानक कातडीवर काय झालं तेही, आणि मृताच्या जाडीच्या कातडीवर काय झालं तेही. पडून अशी जखम होणं शक्य आहे. एवढंच. घडलं काय, ते मला माहीत नाही."

"अहो, पण शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकलाय! रोजचा."

"माझ्याही शेजाऱ्यांनी ऐकलाय," ताई म्हणाल्या. "आठ वर्षं."

तपासनिसांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. मग त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "आणि ती हाताची सोललेली कातडी?"

"घरात औषधाची पट्टी सापडते का बघा. केराच्या डब्यात असेल. पट्टीला आतून कातडी लागलेली असेल. त्या दिवशी सकाळी घाईत ओढली असेल तिने." ताईंनी स्पंजावरची चादर सोडवायला घेतली. "रागाने नाही. घाईत."

तपासनिसांनी खिशातून पेन काढलं आणि तळहाताएवढ्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "बाई, माझी आई गावाकडे असते. ब्याऐंशी." मग ते गेले.

साहेबांनी सही केली. ताई तिथेच उभ्या होत्या.

"साहेब, जुन्या चिठ्ठ्यांच्या कपाटाची किल्ली हवी होती. आणि त्या नंबरांच्या फाइली. मला वयं बघायची आहेत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "ताई, बावीस वर्षांचं उकरून काय हाती लागणार? तुमची निवृत्ती अकरा महिन्यांवर आली. नाव चांगलं आहे तुमचं."

"चिठ्ठी मी बनवली होती."

"चूक सगळ्यांची आहे. माझ्याही सह्या आहेत."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय. नाहीतर कुलूप फोडलं असतं," ताई म्हणाल्या. साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी खण उघडला, किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. हात किल्लीवरच राहिला, मग त्यांनी तो उचलला.

"सोमवारी बसू," ते म्हणाले. "दोघं बसू."

ताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. शुक्रवार होता. सोमवारपर्यंत कोणाशी बोलणं व्हायचं नव्हतं. पण सोमवारी पहिला शब्द काय बोलायचा, ते या वेळी त्यांना ठाऊक होतं. मोराची मूठ.

आता एकच काम उरलं होतं. तपासलेली चादर जपून ठेवायची असते, आणि तिच्यावर चिकटपट्टीने नंबराची चिठ्ठी डकवायची असते. ताईंनी छापील चिठ्ठी घेतली, तीन रकाने भरले. मग फूटपट्टी धरून पेनाने चौथा रकाना आखला, वर 'वय' लिहिलं आणि खाली एक्क्याऐंशी. चादर पांढऱ्या कापडावर पसरली, सुरीने पडलेल्या चिरा बोटाने जुळवून बंद केल्या, कापडाची घडी केली. मग सुईदोरा घेऊन त्या चिठ्ठी कापडाला टाचू लागल्या.

साहेब दिवे बंद करत आले आणि दारात थबकले. "टेप संपली का, ताई?"

"आहे की," ताई मान वर न करता म्हणाल्या. "पण काढताना कातडी निघते."